आधी तुम्ही खावा

कोल्हापूरला जाणारी माणसं अंबाबाईच्या दर्शनाला जातात, नाहीतर चपला आणायला. आम्ही लेक आणायला गेलो होतो. परत आल्यापासून नागपूरच्या नातेवाइकांनी आणि इकडच्या ओळखीच्यांनी इतक्या वेळा विचारलं, की शेवटी म्हटलं, एकदाच लिहून टाकावं.

आधी माझ्याविषयी सांगते, म्हणजे माझ्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी मूळची नागपूरची. लग्न होऊन नवरा सुहास याच्याबरोबर नेदरलँड्सला गेले ती तिथलीच झाले. स्वभावानं संशयी. भाजीवाल्यानं हसून कोथिंबीर फुकट दिली, तर मी पिशवीतले टोमॅटो परत तपासते. आणि या स्वभावाला मध्यंतरी चांगलं खतपाणी मिळालं होतं. मागे एकदा दुसऱ्या एका शहरातलं बाळ आम्हाला मिळणार असं ठरलं होतं. त्याचा फोटो फ्रिजवर लावला, पाळणा जोडला, आणि अगदी शेवटी त्या बाळाचा कोणी काका उभा राहिला. बाळ त्याच्याकडे गेलं. आपल्या माणसांत गेलं, चांगलंच झालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण पाळणा सुटा करताना त्याचे स्क्रू मी फेकून दिले.

म्हणून कोल्हापूरच्या संस्थेतून ताराचा फोटो आला, तेव्हा तो फ्रिजवर लावला नाही. मोज्यांच्या खणात ठेवला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते.

हातकणंगले

विमानाचं सांगण्यासारखं काही नाही. आगगाडीचं मात्र आहे. जयसिंगपूरला एक बाई आमच्या समोर येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. बसल्या बसल्या तिनं आमचं गाव, काम, किती वर्षं लग्नाला झाली, सगळं विचारून घेतलं आणि मूठभर शेंगा पुढे केल्या.

"घ्या की पावणं."

"नको, आत्ताच खाल्लं," मी खोटं बोलले. सुहासनं ओंजळ पसरली होती, त्याला कोपरानं ढोसलं. रेल्वेत अनोळखी माणसाकडून काही खाऊ नये हे मला लहानपणापासून पाठ आहे.

बाईनं ते कोपर बरोबर पाहिलं. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, सावकाश चावले आणि डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झालं? मेलो का मी? आता खावा!"

डबा हसला. या भागातल्या बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं पुरुषासारखं बोलतात, त्यामुळे तिचा दरारा जरा जास्तच वाटला. सुहासनं शेंगा खाल्ल्या. मी नाही खाल्ल्या. हातकणंगल्याला ती उतरली, उतरताना माझ्याकडे बघून मान हलवली, आणि कोल्हापूर येईपर्यंत मी सुहासला झोप तर येत नाही ना यावर लक्ष ठेवून बसले.

पिवळी खोली

संस्थेची इमारत साधी, अंगण स्वच्छ, भेटीची खोली पिवळी. तिथल्या समाजसेविका चौगुले मॅडम हळू आवाजात बोलतात. कोल्हापुरात इतकं हळू बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांचाही संशय आला.

त्यांनी सगळं सरळ सांगितलं. कागदपत्रं बहुतेक पुरी झाली आहेत, सरकारी कचेरीतून शेवटचा आदेश यायचा आहे. तोवर रोज येऊन मुलीला भेटा. ती रुळली असं दिसलं, की तुमच्याकडे राहायला देऊ.

"आणि नाही रुळली तर?" मी विचारलं.

"मग थांबू. पण मुलीला ओढून नाही पाठवणार, ताई. कचेरीला तसं लिहून कळवावं लागलं, तर मी कळवीन."



तारा आली ती एका उंच, हाडापेरानं दणकट बाईच्या पदराआडून. ती हौसाक्का, तिथली आया. तारा अगदी तान्ही असताना संस्थेत आली तेव्हापासून हौसाक्कानंच तिला वाढवलेलं. पोर साडेतीन वर्षांची, केस बारीक कापलेले, फ्रॉकचा एक बंद सुटलेला. तिनं आमच्याकडे पाहिलं, ते आंब्याच्या पेटीतला खालचा थर बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. ती नजर माझ्या ओळखीची होती. मी आरशात रोज बघते.

मी सगळी तयारी करून गेले होते. हात जंतुनाशकानं पुसले, तिचे पुसले, सीलबंद पुडा तिच्यासमोर फोडला आणि स्वच्छ बशीत बिस्किटं मांडून बशी तिच्यापुढे ठेवली. तारानं बिस्किटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एका बोटानं बशी माझ्याकडे ढकलली. मी हसून परत तिच्याकडे सरकवली. तिनं परत ढकलली. सुहासनं केळं सोलून दिलं, तेही तसंच परत आलं. तोंडातून अक्षर नाही. आमच्या नागपूरच्या घरात दुसऱ्याच्या ताटातलं उचललं की पाठीत धपाटा बसायचा. उष्टं खाऊ नये, खायला घालू नये. त्यात परदेशात राहून चमचाही ज्याचा त्याला हे अंगात मुरलेलं. मी त्या बशीला बोट लावलं नाही. पोरीचा खाऊ पोरीला, असं माझं चोख वागणं.

जाताना हौसाक्का खाली वाकली आणि ताराच्या कानात काहीतरी पुटपुटली. तारानं माझ्यावरची नजर न काढता मान डोलावली.

"काय सांगितलंत तिला?" मी विचारलं.

"आमचं आमचं हाय," हौसाक्का म्हणाली. "पाच वाजलं. आता पोरींची प्रार्थना असती. उद्या या."

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. मी चित्रांची पुस्तकं नेली, बाहुली नेली. बाहुली तिनं घेतली, तिचे कपडे काढून आत काय आहे ते बघितलं आणि परत दिली. खायचं काहीही नेलं की ती ते माझ्याकडे ढकलायची. आणि रोज जाण्याआधी ते कानात पुटपुटणं. माझी खात्री पटत चालली, की ही बाई पोरीचे कान भरते आहे.

शिवाजी पेठ

आम्ही शिवाजी पेठेत एका तालमीच्या मागे वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. गल्लीत एका फुटबॉल संघाच्या पताका, पुढच्या गल्लीत दुसऱ्याच्या, आणि चुकून पुढच्या गल्लीच्या रंगाचा सदरा घातला म्हणून सुहासला चहावाल्यानं आधी खुलासा विचारला, मग चहा दिला.

आमच्या गावी, म्हणजे नेदरलँड्सला, कुणाकडे गेलं की कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं. मग डब्याचं झाकण लागतं. लोक वाईट नाहीत, पण झाकण लागतं. प्रश्नांचंही तसंच, एक विचारायचा आणि थांबायचं. कोल्हापुरात झाकण नावाची वस्तूच नाही. जिन्यात भेटलेल्या शेजारणीनं दुसऱ्याच वाक्याला विचारलं, "सवताचं पोर न्हाई व्हय?" मी म्हटलं, नाही, इथल्या संस्थेतली मुलगी न्यायला आलोय. "मग आमची पोरगी तिकडं न्हेऊन काय करणार?"

"वाढवणार," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि संध्याकाळी डबा पाठवला, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, वर गरम भाकरी. सावजीवर वाढलेल्या नागपूरकरणीला तिखटाची भीती नसते, पण जिनं भर जिन्यात माझी उलटतपासणी घेतली तिनं एवढा डबा का पाठवावा, हे मला कळेना. तांबडा मी खाल्ला आणि सावजीच्या तोडीचा नाही असं म्हणत दोनदा घेतला. पांढऱ्याकडे बराच वेळ नुसती बघत बसले. इतका गोरा रस्सा मटणाचा कसा असेल?

"लाजते गं ती," सुहास म्हणाला. तो ताराबद्दल बोलत होता.

"लाजणारं मूल खाली बघतं. ही सरळ बघते. ती बाई शिकवते तिला."

"कशाला शिकवेल?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. असेल कुणी काका. नाहीतर मामा, आत्या. हौसाक्काला ठाऊक असेल, तिचं येणं-जाणं असेल. पोरगी आमच्याशी रुळली नाही की मॅडम तसं कळवतील, मग हळूच कुणीतरी उभं राहील. मी चौगुले मॅडमना विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "हौसाक्का तोंडानं फटकळ आहे, ताई, पण मुलांच्या वाईटावर नाही." वाईटावर नाही म्हणजे आमच्या बाजूची आहे असंही नाही, हे मी मनात म्हटलं.

म्हशीच्या मागे

त्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे पाचला बाहेर पडलो. सुहासला पाणी हवं होतं म्हणून समोरच्या दुकानात थांबलो आणि मला फाटकातून हौसाक्का बाहेर येताना दिसली. कडेवर तारा होती. प्रार्थनेच्या वेळी!

मी सुहासला ओढत रिक्षात घातलं. "त्या बाईच्या मागे चला."

रिक्षावाल्यानं आधी मागे वळून आम्हाला न्याहाळलं. "कोण लागत्यात तुमच्या?"

"कोणी नाही. चला तुम्ही."

"कोण न्हाई आन् मागं मागं जायचं? काय भानगड हाय?" असं म्हणत त्यानं रिक्षा सुरू केली, पण हौसाक्कापेक्षा तो आमच्यावरच जास्त लक्ष ठेवून होता. आता कुठल्यातरी दारात हा काका उभा असेल, आणि मी काय करणार? पोर हिसकावून घेणार? ती माझी झालीच कुठे होती?

हौसाक्का चालत चालत चौकात आली आणि थांबली. तिथे ओळीनं म्हशी बांधलेल्या होत्या. कोल्हापूरकरांना यात नवल वाटणार नाही, पण इतरांसाठी सांगते. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन चौकात येतात, गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की तिथेच धार काढतात आणि फेसासकट ग्लास हातात देतात. लहान मुलं, तालमीतले पैलवान, ऑफिसमधून घरी निघालेले लोक, सगळे मिशा पांढऱ्या करून उभे. कुणी ते दूध उकळत नाही, गाळत नाही. आमच्या गावी असं दूध कुणी विकायला काढलं, तर तपासणीवाले आधी येतील आणि गिऱ्हाईक नंतर.

मी एका म्हशीच्या आड उभी राहिले. माझ्यामागे सुहास, आणि त्याच्यामागे, भानगड काय आहे ते बघायला, रिक्षावालाही.

गवळ्यानं ग्लास भरला. हौसाक्कानं तो घेतला आणि ताराच्या तोंडासमोर धरला. तारानं एका बोटानं तो तिच्याकडे ढकलला.

तसाच. अगदी बिस्किटाच्या बशीसारखा.

हौसाक्कानं एक घोट घेतला, आ करून तोंड दाखवलं. मग तारानं दोन्ही हातांनी ग्लास धरला आणि गटागटा दूध प्याली.

मी तिथेच उभी. मला ती आगगाडीतली बाई आठवली, तिची फोडलेली शेंग आठवली. पोरगी मला नाही म्हणत नव्हती. आधी तू खा म्हणत होती. आणि मी रोज हसून, हात जंतुनाशकानं पुसून, बशीला बोट न लावता तिला दाखवून देत होते, की या खाऊत नक्की काहीतरी आहे.

"या की पावणं," हौसाक्काचा आवाज आला. "म्हशीआड माणूस मावत न्हाई."

मी बाहेर आले. लाज वाटत होती, आणि रागही आला होता. "तुम्हीच शिकवलं ना हे तिला?"

"व्हय, मीच. सगळ्याच पोरींस्नी शिकवतो, सवय लागावी म्हणून आधी मीच खाऊन दावतो. परक्यानं काय दिलं तर आधी त्यालाच खायला लावायचं."

"मग मला सांगितलं का नाही? मी रोज विचारत होते!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही दुसऱ्याच दिवशी खाऊन दाखवलं असतं. मग त्यात काय कळणार आमास्नी?" तिनं ताराला कडेवर जरा वर सरकवलं. "मॅडमनी कागदं बघितली तुमची. मी माणसं बघत होतो. जे आपण खात न्हाईत आन् पोरीलाच खा खा करत्यात, त्यांचा काय भरवसा? चौकात आणतो ते मॅडमना ठावं हाय. मीच म्हटलं, त्यास्नी बोलू नगा. बाटलीतलं पाणी पिणारी माणसं ही."

मला इतके दिवस वाटत होतं, की संशय काय तो मी घेते आहे. तिकडून त्याहून दाट संशय माझ्यावर रोखलेला होता, आणि खरं सांगायचं तर तिच्या जागी मी असते, तर मीही हेच केलं असतं.

गवळ्याला आमच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. त्यानं दुसरा ग्लास भरून माझ्या हातात दिला. कोमट, फेसाळ, म्हशीचा वास असलेला. सुहास कानाशी म्हणाला, "उकळलेलं नाहीये." मला ते दिसत होतंच. तारा माझ्या गळ्याकडे बघत होती.

मी प्यायले. अर्धा ग्लास. मग हौसाक्कासारखा आ करून दाखवला.

तारानं वाकून माझ्या तोंडात नीट पाहिलं, अगदी दाढांपर्यंत. मग हौसाक्काकडे पाहिलं. हौसाक्कानं मान वळवली आणि म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिली. तारानं माझ्या हातातला ग्लास घेतला. उरलेलं दूध प्याली, आणि ग्लास परत देताना माझ्या ओठावरचा फेस तळहातानं पुसून तो आपल्या फ्रॉकला लावला. मी रडले. चौकात, सगळ्यांसमोर, रिक्षावाल्यासकट.

दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडलं. सुहास म्हणतो तांबड्या रश्श्यानं. माझा अजूनही दुधावर संशय आहे.

जयसिंगपूर

त्यानंतर आमचं जेवण म्हणजे एक विधीच झाला. भात असो, शिरा असो, पहिला घास माझा, आ माझा, मग तारा. मी आयुष्यात कुणाला इतकं उष्टं खायला घातलं नव्हतं. चौगुले मॅडम खोलीच्या दारातून बघून जायच्या.

एका रविवारी त्यांनी आम्हाला जयसिंगपूरला आपल्या घरी जेवायला बोलावलं, ताराला घेऊन. त्यांचं घर जैन, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत पानं घेतात, कांदा-लसूण नाही. इतकी वर्षं परदेशात संध्याकाळी लवकर जेवायची सवय झालेले आम्ही, पहिल्यांदाच भारतात आमच्या वेळेला जेवलो. मॅडमच्या सासूबाईंनी ताराला पुरणपोळी वाढली. तारानं ताट आधी माझ्याकडे ढकललं, सासूबाईंकडे नाही. त्या घरात मी पाहुणी होते, पण तिच्या लेखी आता तिच्या बाजूची. मी तुकडा मोडून खाल्ला. तूप हनुवटीवर ओघळलं.

उठताना मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून तारा तुमच्याकडे राहू दे."

मी हनुवटीवरचं तूप पुसलं आणि ताराला उचलून घेतलं.

निघताना

आदेश आला, पासपोर्ट आला. शेवटच्या दिवशी मी हौसाक्कासाठी तिकडून आणलेल्या चॉकलेटचा डबा घेऊन गेले. सीलबंद, झगमगत्या कागदाचा. तिनं तो उघडला, आत बघितलं आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"आधी तुम्ही खावा."

मी एक चॉकलेट तोंडात टाकलं, चावलं, गिळलं. "झालं? मेलो का मी?"

ती हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. मग तिनं एक खाल्लं, ताराला एक दिलं आणि डबा पदराखाली घेतला. तारा फाटकापाशी तिला चिकटून बसली तेव्हा हौसाक्कानंच तिची बोटं एकेक करून सोडवली. कानात या वेळीही काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर मागे पाहिलं, तर तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि तो चॉकलेटसाठी नव्हता.

घरी

इकडे आल्यावरही आमचा विधी सुरूच राहिला. बालवाडीत सगळ्यांना सफरचंदाच्या फोडी देतात. तारानं आपली फोड बाईंकडे ढकलली. त्या नम्रपणे म्हणाल्या, नको, ही तुझी. पोरगी उपाशी घरी आली. मी जाऊन त्यांना सगळं समजावलं. आधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते पेठेतल्या शेजारणीनं पाहिलं होतं तसं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी फोड चावून आ करून दाखवला. वर्गातली इतर मुलंही मग बाईंना आ करायला लावायला लागली.

फोटो आता फ्रिजवर आहे.

परवा सकाळी मी घाईत किल्ली शोधत होते. ताराच्या पुढे दूध ठेवलं होतं, पुड्यातलं, थंड, म्हशीचा वाससुद्धा न लागलेलं. सवयीनं तिच्याकडे हात पुढे केला, पण ग्लास आला नाही. वळून पाहिलं तर ती परस्पर पीत होती. मला आधी वाटलं, विसरली. मग वाटलं, रागावली. मग वाटलं, कुणी काही शिकवलं का? स्वभावाला औषध नाही.

तळाशी घोटभर दूध राहिलं तशी ती थांबली. एका बोटानं ग्लास टेबलावरून माझ्याकडे ढकलला.

मी उचलला आणि, काय करणार, आधी वास घेतला.

तिनं माझ्याकडे पाहून आ केला, दाढांपर्यंत.

"मी प्यालोय की आधी," ती म्हणाली. "आता तू पी, आई."